चौथ्या घंटेचा दांडा

मी इंजिनियर आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी कुणी न विचारता सांगतो. बायको होती तेव्हा टेबलाखालून पाय मारायची. आता पाय मारणारं कुणी नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो.

तर गेली दोन वर्षं दर बुधवारी संध्याकाळी मी परदेशातल्या माझ्या गावाहून, बेलव्ह्यूहून, पूल ओलांडून तळ्यापलीकडच्या एका जुन्या चर्चमध्ये घंटा वाजवायला जातो. मी ख्रिस्ती नाही. देवाधर्माचं माझं तसं कुणाशीच फारसं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत ही गोष्ट फुटली तेव्हा एक काकू, रिटायर्ड डॉक्टर, चकली हातात तशीच धरून म्हणाल्या, "अहो, धर्म बदललात की काय?"

"नाही हो काकू. नुसता दोर ओढायला जातो."

"एवढं शिकून?"

सगळे हसले, मीही हसलो. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला. "आणि लेक काय करते हल्ली?"

"इथेच आहे, दोन तासांवर. पाण्याशी संबंधित काम आहे तिचं."

"अय्या, मरीन बायॉलॉजी!"

मी मान हलवली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, हो म्हणायला नुसती मान पुरते. घरी येताना पुलावर गाडीत एकटाच होतो, तरी कान गरम झाले होते.

माझी मुलगी बोटी बांधते. लाकडी बोटी. कॉलेजचं तिसरं वर्ष अर्धं टाकून ती फेरीबोटीने पाणी ओलांडून जायच्या एका गावात गेली आणि तिथल्या बोटींच्या कारखान्यात लागली. तेव्हा माझी बायको जाऊन वर्ष झालं होतं. ती असती तर भांडण तिच्यापर्यंत येऊन थांबलं असतं. ती नव्हती, म्हणून ते शेवटपर्यंत गेलं.

इथे आमच्या आबांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल, सांगायला हवं. आबा सुतार होते. तालुक्याच्या गावी एका शेडमध्ये दारं-खिडक्या करायचे. शाळेत गेले नव्हते, पण पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ, कारण मापाला लागायची. शाळेतून आलो की ते मला शेडमध्ये बसवून पाढे म्हणायला लावत. ते रंधा मारायचे आणि त्या चालीवर मी पाढे म्हणायचो. रंधा पुढे गेला की "सतरा सक", मागे आला की "एकशे दोन". मी अडखळलो की रंधा थांबायचा. ते काही बोलत नसत, नुसते थांबायचे, आणि त्या शांततेची मला भीती वाटायची. एकदा ते बाहेर गेले असताना मी रंधा हातात घेतला. परत आल्यावर त्यांनी तो काढून घेतला, आणि त्यांचा हात माझ्यावर पडलेला मला तेवढा एकदाच आठवतो. "वही धर," म्हणाले.

मी वही धरली. म्हणून इथवर आलो. आणि माझी पोर एक दिवस फोनवर म्हणाली, की तिला लाकडाचं काम आवडतं, वर्गात बसवत नाही. मी म्हणालो, "तुझ्या आजोबांनी रंध्यावर आयुष्य काढलं, ते नातीने परत तोच रंधा धरावा म्हणून नाही. या घरातली पहिली डिग्री माझी, आता शेवटचीही माझीच का?" ती इंग्रजीत म्हणाली, ते सगळं तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, विचारायची गरजच नाही, मी बरोबर आहे. ती म्हणाली, "ओके, बाबा." आणि फोन ठेवला.

पूर्वी दर रविवारी अकराला तिचा फोन यायचा. त्या रविवारपासून बंद झाला. वाढदिवसाला मेसेज यायचे, दोन्हीकडून, केकच्या चित्रासकट.

मी बरोबर होतो असं मला अजूनही वाटतं. हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल माणूस बदलला.

घंटांशी गाठ पडली ती त्या रिकाम्या रविवारांमुळेच. अकराला घरात थांबायचं नाही म्हणून मी दहालाच गाडी काढायचो आणि कुठेही जाऊन चालायचो. एका रविवारी असाच एका उताराच्या रस्त्याने चाललो होतो आणि वरून घंटा सुरू झाल्या. गाण्याची चाल नव्हती. सहा वेगवेगळे आवाज एकामागून एक पडत होते, पायऱ्या उतरल्यासारखे, आणि मग त्यांचा क्रम बदलायला लागला. मी उभा राहून मोजायला लागलो. चौथी तिसरी झाली, तिसरी दुसरी झाली. कुठलाही क्रम परत येत नव्हता. मी पाऊण तास फुटपाथवर उभा होतो, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा अकरा कधी वाजले ते कळलं नाही. चर्चच्या दारावर कागद होता: "शिकायचंय? बुधवारी साडेसहा. अनुभव नको, दोन हात हवेत."

देवळातली घंटा आपण वाजवतो तसलं हे काम नाही. इथे मनोऱ्यात वर सहा घंटा मोठमोठ्या चाकांना जोडलेल्या असतात. वाजवायच्या आधी घंटा झुलवत झुलवत उलटी, तोंड वर करून उभी करतात. मग खाली दोराला जरासा ओढा दिला की ती पूर्ण गिरकी घेते, एक ठोका देते आणि परत तोंड वर करून थांबते. ती पलीकडे कलंडू नये म्हणून तिला एक लाकडी दांडा बसवलेला असतो, साधारण हाताएवढा. शेकडो किलोंचं ते धूड टेकतं त्या एका दांड्याला. खाली गोल खोली, सहा दोर, सहा माणसं. प्रत्येकाला एक घंटा, प्रत्येक घंटेला एक नंबर. एक सगळ्यात लहान, सहा सगळ्यात मोठी.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. मूळच्या इंग्लंडच्या, जन्मभर नर्स होत्या. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण मनात मी त्यांना बाईच म्हणतो, शाळेतल्यासारखं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "नियम एकच. काही बिघडलं तर दोर सोडायचा. विचार करायचा नाही. सोडायचा."

मी खिशातून वही काढून लिहून घेतलं.

"हे लिहितोयस?" त्यांनी विचारलं.

"सवय आहे."

"बरं. पण तो हात वहीत अडकला असेल तर दोर कुठल्या हाताने सोडशील?"

बाकीचे हसले. त्यात सगळ्यात मोठ्याने हसला तो एक प्लंबर, दारातून वाकून आत येणारा उंच माणूस. पाच नंबर त्याचा. मला चार मिळाला.

सहा महिने नुसता दोर हाताळायला शिकण्यात गेले. ते लोक चांगले होते. सराव झाला की कोपऱ्यावरच्या बारमध्ये जायचे, मलाही न्यायचे. मी जिंजर एल, म्हणजे आल्याचा सोडा, घेऊन बसायचो. ते कुठल्या गावच्या कुठल्या मनोऱ्यात काय झालं ते बोलायचे, मी ऐकायचो. अर्ध्या तासाने उठायचो. खरं सांगायचं तर मला आवडायचं ते आधीचं, खोलीतलं. वाजवताना कुणी बोलत नाही. नाव घेत नाही, "चार, जरा लवकर" एवढंच. घर कुठलं, मुलं किती, काय करतात, कुणी विचारत नाही. चाराला लेक नसते. त्या दीड तासात मी कुणाचाच कुणी नव्हतो, आणि तरी मी नसलो तर बाकीच्या पाचांचं अडत होतं. आठवड्यातल्या बाकीच्या दिवसांत माझ्यावाचून कुणाचंही काही अडत नव्हतं.

मग बाईंनी क्रम बदलण्याचं शिकवायला घेतलं. त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली, चार नंबरची घंटा कुठून कुठे सरकते ती. म्हणाल्या, "रेघ समजून घे, पण बघायचं ते दोरांकडे. कोण खाली येतंय, आपण कुणाच्या मागे आहोत. हळूहळू दिसायला लागतं."

मला दिसेना. पाच दोर, पाच माणसं, सगळं एकदम वरखाली. मी घाबरलो. आणि घाबरलेला माणूस त्याला जे येतं ते करतो. मी रेघेचे आकडे केले आणि ते पाठ केले. तीन, दोन, एक, एक, दोन, तीन, चार, पाच, पाच, पाच, पाच, चार. भांडी घासताना म्हणायचो, ऑफिसच्या मीटिंगमध्ये माइक म्यूट करून म्हणायचो. एकशेवीस आकडे पंधरा दिवसांत तोंडपाठ. आबा असते तर रंधा एकदाही थांबला नसता.

पुढच्या बुधवारपासून मी गालिच्यावरचा एक डाग बघायचो, मनात पाढा लावायचो आणि वाजवायचो. ठोका ज्या जागी पडायचा त्या जागी पडायचा. प्लंबर म्हणाला, "अरे, हा तर मशीन आहे!" बाई फक्त एकदा म्हणाल्या, "चार, कधीतरी आमच्याकडेही बघत जा. आम्ही इतके वाईट दिसत नाही."

मी ती गंमत समजलो.

एप्रिलमध्ये प्लंबरने सांगितलं की त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, याच चर्चमध्ये, मेच्या शेवटच्या शनिवारी. लग्न लागल्याबरोबर तो सूटबूट घालून वर धावत येणार आणि आम्ही सहा जण वाजवणार. "तिने लहानपणापासून या घंटांना शिव्या घातल्यात," तो म्हणाला, "दर बुधवारी बाप घरी नसायचा ना! आता तिच्याच लग्नात तिच्या डोक्यावर वाजवतो." तो बोलताना डोळे चमकत होते. मी जॅकेटची चेन लावत बसलो.

लग्नाला तीन आठवडे होते त्या बुधवारची गोष्ट.

आम्ही वाजवत होतो आणि मध्येच कुठेतरी दोन आणि पाच, म्हणजे प्लंबर, आपल्या जागा चुकले. एकमेकांच्या जागी गेले. असं होतं. बाई पहिल्या घंटेवर होत्या, त्यांनी ओरडून सांगितलं, तीन नंबरनेही आपली जागा बदलून घेतली, आणि काम पुढे चालू राहिलं. हे मला नंतर सांगण्यात आलं. मी डागाकडे बघत होतो. मला एवढंच ऐकू आलं की माझ्या ठोक्यावर दुसऱ्या कुणाचा तरी ठोका पडतोय.

"चार, थांब! पाचाच्या मागे जा!"

पण माझ्या पाढ्यात तिथे तीन होतं. मला शंभर टक्के माहीत होतं की तीनच आहे. मी डोकं वर केलं नाही. वाटलं, मी ठाम राहिलो तर हे सगळे आपोआप माझ्याकडे परत येतील. परत ठोक्यावर ठोका आदळला. दोन भांडी आपटल्यासारखा आवाज झाला. मला राग आला आणि रागात मी दोर हिसडून ओढला.

वर काहीतरी कडाडलं.

मग दोर, जो खाली यायला हवा, तो वर जायला लागला. दांडा मोडला होता आणि घंटा पलीकडे कलंडून गरगरत सुटली होती. बाई ओरडल्या, "सोड!" प्लंबर ओरडला, "सोड, सोड!" वहीत पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी सोडला नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. पाय जमिनीवरून उचलले गेले, हातात निखारा धरल्यासारखं झालं, आणि मग माझ्या मनाने नव्हे तर तळव्यांनीच सोडला. मी कोटांच्या ढिगावर पडलो. दोर छताशी सापासारखा वळवळत राहिला. वरती चार नंबर एकटीच वाजत होती, वाकडीतिकडी, हळूहळू कमी होत.

बाकीच्यांनी आपापल्या घंटा थांबवल्या. बाईंनी मला बाकावर बसवून दोन्ही तळवे उलगडले. नर्सच त्या. माझ्या हातांना मलम लावत होत्या आणि मी लहान मुलासारखा म्हणालो, "पण माझं बरोबर होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "तुझे आकडे बरोबर होते. आम्ही पाचही जण चुकलो होतो."

"मग?"

"मग काय. वाजवत आम्ही होतो."

त्यांनी पट्टी गुंडाळून गाठ मारली. "पुढच्या वेळेपासून तू सहावर जा. सगळ्यात मोठी, सगळ्यात शेवटची. तिची जागा बदलत नाही. पाठ करण्यासारखं काहीच नाही. पाच जणांचं ऐकायचं आणि मग आपला ठोका द्यायचा."

शेवटचा बाक, मी मनात म्हणालो. आयुष्यात कधी शेवटच्या बाकावर बसलो नव्हतो.

प्लंबर वर जाऊन मोडक्या दांड्याचे दोन तुकडे घेऊन आला. जादा ठेवलेला एक होता, तो मागच्या वर्षीच वापरला गेला होता. इंग्लंडहून मागवायला सहा आठवडे लागतात. एकदा इथल्या एका फर्निचरवाल्याकडून करून घेतला होता, त्याने ओकचा दिला, असा भक्कम की तो मोडेना आणि त्याच्याऐवजी वरची चौकटच चिरली. लाकूड अ‍ॅश नावाच्या झाडाचंच हवं, रेषा सरळ हवी, गाठ नको. "तीन आठवड्यांत असा माणूस कुठून आणायचा?" प्लंबर म्हणाला. कुणाला दोष देत नव्हता. तुकडे हातात घेऊन नुसता उभा होता. "पाचांवर वाजवू. पाचांवरही बरं वाजतं."

बरं वाजत नाही. सगळ्यांना माहीत होतं.

मी पट्टी बांधलेल्या हातांकडे बघत होतो. मग माझ्याच तोंडून ऐकलं, "माझी मुलगी बोटी बांधते."

दोन वर्षांत हे वाक्य मी कुणापाशी बोललो नव्हतो. खोलीत काहीच झालं नाही. कुणी अय्या म्हणालं नाही. प्लंबरने विचारलं, "लाकडी?"

"लाकडी."

"मग अडलंय कुठे? लाव की फोन!"

फोन मी दुसऱ्या दिवशी दुपारी लावला. माझी मुलगी इंग्रजीत बोलते, मी मराठीत. आमच्या घरात हे पहिल्यापासून असंच आहे, "बाबा" तेवढं मराठी. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा? काय झालं? हॉस्पिटलमध्ये आहेस का?"

"नाही. दांडा मोडला."

"कसला दांडा?"

"घंटेचा. चर्चच्या."

"बाबा, तू प्यायलायस का?"

मी सगळं सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी दीड वर्ष घंटा वाजवतोय हे तिला माहीतच नव्हतं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी मी म्हणालो, "मी व्यवस्थित ड्रॉइंग करून पाठवतो, सगळी मापं टाकून."

"ड्रॉइंग नको. तुकडे घेऊन ये."

शनिवारी मी फेरीने गेलो. दोन तुकडे टॉवेलमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर ठेवले होते, आणि का कोण जाणे, त्यांना सीटबेल्ट लावला होता. कारखाना म्हणजे धक्क्याजवळची एक उंच पत्र्याची शेड. आत शिरलो आणि दारातच थांबलो. वास. लाकूड वेगळं, देश वेगळा, वास तोच. पलीकडे एका बोटीच्या बरगड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या खाली माझी पोर वाकून रंधा मारत होती. केस बांधलेले, कानामागे पेन्सिल. एक पाय पुढे, कमरेतून जोर. तसं उभं राहायला मी तिला शिकवलेलं नव्हतं. मला येतच नाही.

तिने वर बघितलं. "हात दाखव," म्हणाली.

मी दाखवले. पट्ट्या निघाल्या होत्या, कातडी अजून लाल होती.

"सोडला का नाहीस?"

"माहीत नाही."

"हं." तिने तुकडे घेतले, मोडलेलं टोक उजेडाकडे धरून बघितलं, अंगठा फिरवला. "चांगलं लाकूड होतं. स्वच्छ मोडलंय." मग कामाचं बोलायला लागली. "किती मजबूत हवा?"

बाईंनी सांगितलं होतं तेच मी सांगितलं. रोज टेकता यायला हवं एवढा मजबूत. पण फारच जोर आला तर हाच मोडायला हवा, वरचं काही नाही.

"म्हणजे मोडण्यासाठीच करायचा."

"वेळ आली तर."

"ओके." ती गेली आणि एक लांब फळी घेऊन आली. कापायच्या लाकडी घोड्यावर ठेवली, करवत घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते टोक धर."

मी इकडे तिकडे बघितलं. म्हणजे खरंच बघितलं, की आणखी कुणाला म्हणतेय का.

"बाबा. धर ना. हलतंय."

मी धरलं. करवतीची थरथर लाकडातून माझ्या भाजलेल्या तळव्यांत आली. अठ्ठावन्न वर्षांचा मी, सुताराचा मुलगा, लाकूड कापताना पहिल्यांदा दुसरं टोक धरत होतो. ती दोन तास काम करत होती. मी मधूनमधून टोक धरत होतो. एकदा मी म्हणालो, "गुण्या लावून बघ, तो कोपरा काटकोनात वाटत नाही." तिने लावून बघितलं. होता काटकोनात. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी नजर वळवली.

मी बरंच काही ठरवून गेलो होतो. फेरीत मनात घोळवलं होतं, पाठ केलं होतं म्हणा ना. त्यातलं एकही वाक्य शेडमध्ये जागेवर पडेना. निघताना एवढंच म्हणालो, "दिवाळीत एका काकूंना मी सांगितलंय की तू मरीन बायॉलॉजिस्ट आहेस."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "आय नो," म्हणाली. "त्यांच्या मुलीने मला मेसेज केला होता. अभिनंदन म्हणून."

दिवाळीला सहा महिने होऊन गेले होते. तेव्हापासून तिला माहीत होतं.

"त्यांना सांगतो मी," मी म्हणालो.

"बघ तुला जमलं तर." तिने नवा दांडा माझ्या हातात दिला. गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा सरळ. "लग्न कधी आहे?"

"दोन आठवड्यांनी. शनिवारी, चारला वाजवू आम्ही. मी सहावर आहे आता. शेवटची, सगळ्यात मोठी. येतेस?"

"शनिवारी डिलिव्हरी आहे एक. नाही जमणार."

"बरं," मी म्हणालो. परतीच्या फेरीत मी डेकवर उभा राहिलो नाही, गाडीतच बसून होतो. दांड्याला सीटबेल्ट लावलेला होता.

प्लंबरने दांडा बसवला, दोन बोल्टमध्ये अगदी बरोबर. बाई खालून वर चढून आल्या, या वयात, आणि त्यांनी हात फिरवून बघितला. "कोण म्हणालास, मुलगी?" "हो." "तिला सांग, सुंदर आहे." मी त्या काकूंनाही फोन केला. त्या म्हणाल्या, "बोटी म्हणजे... सुतारकाम?" मी म्हणालो, "हो काकू, सुतारकाम. माझे वडीलही सुतार होते." वीस वर्षांच्या ओळखीत हे दुसरं वाक्यही मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. डिग्रीचं तेवढं सांगत आलो होतो.

लग्नाच्या दिवशी प्लंबर टाय खांद्यावर टाकून जिन्याने धापा टाकत वर आला, डोळे पुसत होता आणि त्याची लाज नव्हती त्याला. आम्ही दोर धरले. डागाकडे बघायची माझी सवय गेलेली नव्हती, मुद्दाम मान वर ठेवावी लागत होती. पाच माणसं, पाच दोर. मी ऐकत होतो आणि शेवटी आपला ठोका देत होतो. तीच जागा, दर वेळी. माझ्याआधी पाचही जण आपापसांत जागा बदलत होते, चौथी तिच्या नव्या दांड्यावर, आणि मी त्यांच्या मागे. काही वेळा मला वाटलं की दिसतंय. काही वेळा काहीच दिसत नव्हतं. पाऊण तास वाजवलं.

नंतर सगळे खाली लग्नाच्या गर्दीत गेले. मलाही ओढत होते, मी म्हणालो येतो मागून. खोलीत एकटाच दोर गुंडाळत बसलो. खिडकीतून खालचा पार्किंग लॉट दिसतो. फुलं लावलेल्या गाडीच्या पलीकडे, रस्त्यालगत, मागे फळ्या बांधायचे लोखंडी दांडे असलेला एक पिकअप ट्रक बाहेर पडत होता. तसे ट्रक इकडे खूप असतात. मी बघत राहिलो. सिग्नलला थांबला आणि वळून दिसेनासा झाला.

जॅकेटमधला फोन वाजला. इंग्रजीत एकच ओळ होती, मराठीत सांगायची तर: "शेवटची तुझी ना? जरा उशिरा पडत होती."

मी फोन हातात धरून बाकावर बसलो. माझ्या मते उशिरा पडत नव्हती. मोठी घंटा आहे, तिला फिरायला वेळ लागतो, बाहेर उभं राहून ऐकलं तर वाऱ्याने आवाज मागे पडतो, अशी निदान तीन कारणं मला तिथल्या तिथे सुचली. तिन्ही बरोबर होती. एक तर मी टाइपही केलं. मग खोडलं.

"हो," मी लिहिलं. "पडत होती."

खाली लग्नातले लोक हसत होते. मी थोडा वेळ थांबलो. उत्तर आलं नाही. रस्त्यात असेल, गाडी चालवताना ती फोन बघत नाही, हे मीच तिला शिकवलंय. मग मी जॅकेट घातलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. अकराला मी घरीच थांबलो.